चिमट्यावर फुली

आई, तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार दाखल करायची आहे. जन्मभर तू चिमटा वापरला नाहीस. भाकरी बोटांनी, पापड बोटांनी, शेगडीवरचं भरताचं वांगंसुद्धा बोटांनीच परतलंस, आणि त्यापायी तुझा मुलगा तिसरीत मंदबुद्धी ठरला. प्रतिवादी हजर नाही, म्हणजे निकाल एकतर्फीच लागायचा.

हे आज आठवायला कारण आहे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, तसा शनिवारी मी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्याही घेतो. गेल्या शनिवारी मझौली गावाहून नऊ वर्षांची एक मुलगी आली. तिला पुढच्या वर्गात बसवायचं की नाही, हे शाळा माझ्या कागदावरून ठरवणार. चार चित्रांतलं वेगळं ओळखायचं होतं: छत्री, टोपी, चप्पल, खाट. तिनं टोपीवर फुली मारली. उत्तर खाट होतं; मी शून्य दिलं.

तेव्हापासून फॅक्टरीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे तरंगतंय. कोळशाचा धूर खिडकीतल्या उन्हात चढतो आहे, वांग्याची साल तडकते आहे, आणि तुझ्या मांडीवर माझा शाळेचा कागद. शेगडी, चाकू, चिमटा, वांगं. मी चिमटा खोडलेला. मार बसणार म्हणून मी दाराला चिकटून उभा.

"काहून रे, चिमटा काहून काढला?"

"तू तर वांगं हातानंच परतते."

तू हसली नाहीस. बोटं पदराला पुसलीस आणि दुसऱ्या दिवशी थेट माझ्या हिंदी शाळेत.

"बहनजी, बैंगन सब्ज़ी है, बाकी सब सामान है," गुरुजी समजावतात.

"अच्छा! तो भरता क्या चाकू का बनाते आपके यहाँ?" तुझं हिंदी असं, की गुरुजींनी गुण वाढवले ते पटून की घाबरून, कोण जाणे.

पुढे पाठशाळेत संस्कृत शिकलो. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. एवढे दिग्गज नैयायिक, तर्कशास्त्राचे पंडित, पण उदाहरणाला त्यांनाही चूलच सापडली, याचं मला फार बरं वाटलं होतं. आता वर्गात सांगतो, की संकल्पना म्हणजे मनानं बांधलेली गाठोडी. भाषा त्यांना नावं देते, पण कुणी काय कशासोबत बांधलं, ते विचारल्याशिवाय कळत नाही. मुलं लिहून घेतात. परीक्षेला हमखास येतं.

त्या मुलीला मी विचारलं नाही. जेवायची वेळ झाली होती, बाहेर अजून दोघं बसलेले. ती बाकाच्या कडेवर बसून माझ्याकडे पाहत होती, बहुतेक मी विचारीन म्हणून. मी पान उलटलं. कागद सोमवारी गेला.

उद्या शाळेत फोन करून तिला परत बोलावणार आहे. ते जमेल. पण कितीतरी वर्षं मी हे शनिवार घेतो आहे, आई. आणखी कुणाकुणाला विचारलं नाही, ते मला आठवत नाही. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहितो: मला त्यांचे चेहरेसुद्धा आठवत नाहीत.