तुझ्या पत्रांतले मासे

पवनी,
२६ फेब्रुवारी १९८६

प्रिय तुलाराम,

दर पत्रात या ठिकाणी मी 'इकडे सर्व खुशाल' असं लिहून मोकळा होतो. बारा वर्षांत ती ओळ इतकी पाठ झाली की हात आपसूक लिहून जातो. आज नाही लिहिली म्हणून घाबरू नको. माय बरी आहे, तुझी वहिनी उषा आणि पोरं बरी आहेत. खुशाल नाही तो मी, आणि त्याला दुसरं कोणी कारण नाही.

तुझं पत्र आमच्याकडे कसं पोचतं ते तुला माहीत नसेल. भैय्यालाल पोस्टमन ढिवरमोहल्ल्याच्या तोंडाशीच सायकलवरून ओरडतो, "माय, समुद्राचं पत्र आलं." माय हातातलं जाळं टाकते, लुगड्याला हात पुसते आणि निंबाखाली येऊन बसते. आजूबाजूच्या बायाही सरकून येतात. मग मी नाकावर चष्मा चढवून वाचतो. मोहल्ल्यात आपल्या घरच्या पत्राइतकं दुसऱ्या कोणाचं पत्र ऐकलं जात नाही. बाकीच्यांच्या पत्रांत आजारपणं आणि लग्नं असतात, आपल्याकडे मासे.

डॅमसेल मासे. तू मंडपमला त्या संशोधन केंद्रात लागलास आणि साहेबांबरोबर होडीतून प्रवाळाच्या खडकांवर जाऊन त्यांची नोंद करू लागलास, तेव्हापासून आमच्या पवनीला त्यांचं वेड लागलं. तू लिहिलं होतंस की साहेबांच्या भाषेत डॅमसेल म्हणजे कुवार पोरगी. माय हसली होती. "पोरीचं नाव अन् भांडते सवतीवाणी," असं म्हणाली, कारण त्याच पत्रात तू शेती करणाऱ्या माशाबद्दल लिहिलं होतंस. वीतभर नसलेला तो काळपट मासा खडकाचा एक तुकडा आपला म्हणून धरतो, तिथं शेवाळ वाढवतो, नको ते शेवाळ तोंडानं उपटून बाहेर नेऊन टाकतो आणि कोणी जवळ आलं तर, माणूस का असेना, त्याच्या बोटाला चावतो. मायनं त्याचं नाव 'धुऱ्यावरचा' ठेवलं. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावरून डोकी फुटतात, तशी समुद्रातही फुटतात हे ऐकून तिला फार बरं वाटलं.

तिला सगळे तोंडपाठ आहेत. पाठीवर पिवळा आणि अंगावर पाच काळे पट्टे असलेला, तो घोळक्यानं राहतो, धक्क्याच्या खांबांपाशीही सापडतो. पांढरा, त्यावर तीन काळे पट्टे, तो फांद्याफांद्यांच्या एकाच प्रवाळात सगळं खटलं घेऊन राहतो आणि चाहूल लागली की सगळे एकदम आत शिरतात. काळा, कपाळावर आणि दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका, तो लहानपणी विषारी समुद्रफुलाच्या आश्रयाला राहतो आणि मोठा झाला की खडकावर जातो. हिरव्या-निळ्या अंगाचे फांद्यांवर ढगासारखे तरंगतात. निळ्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा तळाशी, तुटक्या प्रवाळांच्या ढिगात. कोणता कुठे राहतो हे तिनं कधी चुकवलं नाही. वैनगंगेपलीकडे पाणी न पाहिलेली बाई, पण तिला मंडपमच्या समुद्रात सोडलं तर घर विचारत जाईल.

मासे मी नीट वाचले, तुलाराम. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. तेवढेच वाचले.

आता मागचं लिहितो. बाबा गेले ते चौऱ्याहत्तरचं वर्ष. महाजाल ओढायला दोन डोंगे लागतात आणि दोन्ही टोकांना घरची माणसं लागतात, हे तुला मी काय सांगू. एका टोकाला बाबा होते, दुसऱ्या टोकाला मी. बाबांच्या जागी तू उभा राहशील असं मी धरूनच चाललो होतो, तुला विचारलं नव्हतं. आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू नोकरीचा कागद दाखवलास. मी एस.टी. स्टँडवर चार माणसांत म्हणालो, "गेला तं इकडे पाय ठेवू नोको." तू म्हणालास, "माय बोलावन तवाच येईन." मायनं हे ऐकलं नाही. ती घरी दुःखात बसली होती. घरच्यांपैकी ऐकलं फक्त मी, आणि ते शब्द मी स्वतःपाशी ठेवून घेतले.

तुझं तिसरं पत्र आलं त्यात दोन पानं मासे होते आणि शेवटी चार ओळी होत्या. 'माय, इथं धक्क्याजवळ खोली मिळाली आहे. तू दिवाळीनंतर दोन महिने ये. यायला जमत नसेल तर मला ये म्हण, मी येतो.' मी पहिली दोन पानं वाचली आणि त्या ओळींपाशी थांबलो. उषाला सातवा महिना होता. दुसऱ्या डोंग्यावर मी मजूर धरला होता आणि तो रोज जाळं फाडत होता. मायनं एवढं ऐकलं असतं तर ती त्याच दिवशी गठुडं बांधून निघाली असती. मी पत्राची घडी घातली आणि म्हणालो, "झालं." पुढच्या पत्रात वाचू असं मनाशी ठरवलं होतं. पण पुढच्या पत्रात मागच्या पत्राबद्दल लिहिलेलं होतं, मग तेही गाळावं लागलं. एक भोक झाकायला दुसरं शिवत गेलो.

उत्तरंही मीच लिहायचो. माय सांगायची, "त्याले लिव्ह का एकडाव ये, तोंड दाखव. मी बोलावून राहिले म्हणून लिव्ह." मी मान डोलवायचो आणि लिहायचो, 'माय म्हणते, नोकरी सांभाळ.' खाली तिचा अंगठा घ्यायचो. ती शाई लावून अंगठा जोरात दाबायची, तुला नीट दिसावा म्हणून. अशी एकोणीस पत्रं गेली.

एकोणऐंशीला आपल्या गल्लीतली माणसं रामेश्वरला निघाली. मंडपम वाटेवरच आहे, हे मायला तुझ्या पत्रांवरून ठाऊक होतं. ती मला म्हणाली, "मी बी जातो, पोराले पाहून येतो." मी म्हणालो, "त्यानं कधी ये म्हटलं का तुले?" ती परत जाळ्याकडे वळली. मला ठाऊक होतं की तू अकरा पत्रांत ये म्हटलं आहेस. तरी तिला ते विचारताना जीभ अडखळली नाही.

आणि ते एक पत्र. तू लिहिलंस की डॅमसेल माशांत अंडी बाप सांभाळतो. खडक तोंडानं साफ करतो, मादीला बोलावतो, ती अंडी घालून निघून जाते, आणि तो रात्रंदिवस त्यांना पंखांनी वारा घालत उभा राहतो. पिल्लं बाहेर आली की तीही समुद्रावर वाहून जातात आणि पुढे भलत्याच खडकावर जाऊन वसतात. तू साधं, जसं पाहिलं तसं लिहिलं होतंस, हे मला कळत होतं. पण मायनं विचारलं, "अन् माय? ते पाहाले बी येत नाही?" मी म्हणालो, नाही. ती बराच वेळ जाळ्याच्या गाठीवर बोट फिरवत बसली. तू तिला टोमणा मारला आहेस असं तिला वाटलं. खालच्याच ओळीत होतं, 'माय, तुझी फार आठवण येते.' ती एक ओळ वाचली असती तर पुरे होतं.

एक्याऐंशीत तू लग्नाचं लिहिलंस. सेल्वी नाव, तिकडच्या कोळ्यांची मुलगी, मायनं यावं, निदान आशीर्वाद पाठवावा. ते पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन नदीवर गेलो. तिसऱ्या दिवशी निंबाखाली बसून त्यातला फक्त समुद्रफुलात राहणारा केशरी मासा वाचला.

त्यानंतर तुझी पत्रं बदलली. तू मायबद्दल विचारणं सोडलंस. घराबद्दल नाही, स्वतःबद्दल नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसते मासे: कोणता, किती बोटं लांब, किती खोल पाण्यात, कोणत्या प्रवाळावर. मला गाळायला काही उरलं नाही. पाच वर्षं मी तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवत होतो, आणि त्या पाच वर्षांइतका चोरटेपणा मला आधी कधी वाटला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात माय दारातल्या उंबरठ्याला ठेचाळू लागली. दिवाळीनंतर तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. एक डोळा गेलेलाच आहे, दुसऱ्यात सावल्या दिसतात, त्याही किती दिवस ते सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. परतताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. मला वाटलं रडत असेल. पण ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मले कायची फिकर? तू हायस ना. पत्र वाचते तसं सारंच सांगत जाय." मी भिवापूरपासून पवनीपर्यंत खाली मान घालून बसलो. वाटेत दोनदा तिनं विचारलं, पोटात दुखते का म्हणून.

तरी मला तोंड उघडायला तीन महिने लागले. मागच्या पंधरवड्यात पेटी काढली, तुझी सगळी पत्रं तारखेनं लावली आणि तिला म्हणालो, माय, मी तुला अर्धंच वाचून दाखवत आलो. दुपारची जेवणं झाल्यावर रोज वाचायचो. चार दिवस लागले. बायांना येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवाळीनंतर ये म्हटलेलं पत्र परत वाचायला लावलं. तिसऱ्या दिवशी लग्नाचं पत्र आलं तेव्हा सुनेचं नाव तीनदा विचारलं आणि स्वतः म्हणून पाहिलं, सेल्वी, सेल्वी. चौथ्या दिवशी मी शेवटची घडी घातली तेव्हा ती म्हणाली, "तू मधी मधी थांबे. मले वाटे, पोराले अक्षर लागून नाही राहिलं. तुहीच कीव ये मले." तिनं मला शिवी दिली असती, चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं, तर मी उभा राहिलो असतो. हे ऐकून मी उठून बाहेर गेलो.

यंदा आपल्या गल्लीतले यादोराव आणि सुलोचनाबाई शिवरात्रीला रामेश्वरला निघाले आहेत. आज सकाळच्या गाडीनं माय त्यांच्याबरोबर गेली. वाटेत तिरुपती आणि मदुराई करत गुरुवारी, सहा मार्चला, ती मंडपमला उतरेल. तू स्टेशनवर ये. तिला तुझा चेहरा दिसणार नाही, म्हणून लांबूनच हाक मार. सोबत सेल्वीसाठी एक हिरवं लुगडं आहे, ते तिनं स्वतः हात फिरवून निवडलं. मी परतीचं तिकीट काढायला निघालो तर म्हणाली, "राहू दे." मी पैसे परत खिशात ठेवले. घरातून निघताना तिनं मला विचारलं, "काहून केलं बापा असं?" आणि चाळीस वर्षांचा मी तिचं गठुडं उचलून पुढे चालू लागलो. गाडी गेली, मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो. उत्तर एवढंच आहे की मला भीती वाटत होती. तू लहान, तू लाडका, तू शिकलेला. बाबा गेले, तू गेलास, आणि ती तुझ्याकडे गेली तर माझ्याकडे परत येणार नाही याची मला बारा वर्षं रोज भीती वाटली. मी तिला राग म्हणून नाही, राहावी म्हणून अडवून ठेवलं. हे तिच्या तोंडावर बोलणं मला जमलं नाही, आणि तिला वाचता येत नाही. म्हणून हे पत्र नावाला तुझं आहे. ती जेवून बसली की तिला वाचून दाखव, एकही ओळ गाळू नको.

तुझाच,
जागेश्वर