पेल्यावरचा एक ठोका

ता. ३, मंगळवार

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. पासष्टीच्या माणसाला ‘चि.’ लिहितोय म्हणून हसू नकोस. धाकटा तो धाकटाच.

टण्, टण्. आठवतो का रे तुला हा आवाज? तंबूच्या कापडापलीकडून यायचा. एनॅमलच्या पेल्यावर चमचा. बाहेर बर्फ इतकं गप्प असायचं की तो आवाज कानात नाही, दातांत वाजायचा. आज सकाळी सूनबाईंनी चहा ढवळून चमचा कपाच्या कडेवर दोनदा आपटला आणि मी टॉवेल हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभाच राहिलो. “बाबा, काय हवंय?” म्हणाल्या. काय सांगणार? अडतीस वर्षांपूर्वीची सकाळ हवीय म्हणून?

नको, ती सकाळ नकोच.

तर खुशाली. माझे गुडघे बोलके झालेत, दात मात्र एकेक करून मुके. छापखाना पाडला. जिथे उभं राहून मी तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले, मुद्रितं तपासली, पोरांच्या पाठ्यपुस्तकांतल्या कविता उलट्या अक्षरांत वाचल्या, तिथे आता न्हाणीघराच्या फरशा विकतात. परवा आत शिरून मी विक्रेत्याला म्हटलं, “इथे कवितांचं मशीन होतं.” तो म्हणाला, “आजोबा, निळ्यात दाखवू की पांढऱ्यात?”

आता खरी बातमी. ठिणगी हिमालयात चाललीय. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा माझ्या या नातीच्या दातांना तार लावलेली होती. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दुकानातले आणखी तिघं बरोबर आहेत आणि पुढारी हीच. वीस तारखेला निघतील. बेस कॅम्प. तोच, आपला.

जेवायच्या टेबलावर पंधरा दिवस नकाशे आहेत. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. मोजे किती, गोळ्या कुठल्या, डोक्याला बांधायचा दिवा, सगळ्याच्या याद्या भिंतीवर. मुलगा म्हणतो, घरात राहतोय की कचेरीत? ती मला म्हणते, “आबा, तुम्ही जाऊन आलेले. तुम्ही म्हणाल तसं.” आणि मी नकाशावर बोट फिरवत बसतो. बोट एका ठिकाणी येऊन थांबतं. तुला ठाऊक आहे कुठे.

आठ दिवसांची चाल आता सातांवर आली आहे. मधला विश्रांतीचा दिवस वगळलाय, सुट्टी पुरत नाही म्हणून.

तू तिला दोन ओळी लिहिशील का? एवढंच लिही की तो दिवस ठेव. तुझ्या शब्दाला वजन आहे.

तुझा,
दादा

ता. क. तुझा पेला आहे का अजून? माझा आहे. कडेचा एक टवका उडालाय.

---

ता. ९, सोमवार

चि. बारक्यास,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. परवापासून तो लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो. भला माणूस आहे, माझ्या गुडघ्यांची काळजी घेतो.

मागच्या पत्रात एक वाक्य मी चोरून लिहिलं. ‘दिवस वगळलाय.’ कुणी वगळला ते लिहिलं नाही. छापखान्यात असतो तर मुद्रित तपासताना मीच समासात लाल प्रश्नचिन्ह ठोकलं असतं.

मीच वगळला, बारक्या.

गेल्या महिन्यातला रविवार. टेबलाभोवती सगळे. ठिणगी, तिचे तिघं, मुलगा, सूनबाई. त्या तिघांतला एक काचा घासणारा आहे, तोंडाचा मोठा तिखट. तो म्हणाला, “मॅडम, चौथ्या मुक्कामावर दोन रात्री कशाला? तिथे काय जावळ काढायचंय?” सगळे हसले. ठिणगीने माझ्याकडे पाहिलं. “आबा, हा एक दिवस काढला तर चालेल?”

आणि मी, बर्फातून भावाला पाठीवर आणणारा शूर पुरुष, सगळ्यांसमोर काय म्हणालो? “चालेल की. आम्ही कुठे थांबलो होतो?”

थांबलो नव्हतो, हे खरंच आहे.

मग अर्थात ती गोष्ट निघाली. तीच रे, जी मी तुझ्या पुतणीच्या लग्नात पंगतीत सांगितली आणि तू अर्ध्या जेवणावरून उठून गेलास. बारक्याने डोकेदुखी कशी लपवली, ठणठणीत असल्यासारखे पेल्यावर दोन ठोके कसे दिले, दुपारी दारू प्यायल्यासारखा कसा चालायला लागला आणि दादाने कसं खाली आणलं. तू गेल्यावर त्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, “हट्टीपणा अजून गेला नाही बघा.” मी त्यावर हसलो होतो. अकरा वर्षं झाली. ते हसू अजून तोंडातून गेलेलं नाही, करवंद चिकटावं तसं.

रविवारी मी ती पुन्हा सांगितली. सवयीने. पाठ झालेली कविता कशी, पहिली ओळ आली की बाकीच्या आपोआप येतात.

ठिणगी सगळं ऐकून म्हणाली, “मी धाकट्या आबांसारखी लपवाछपवी नाही करणार. आणि कुणाला करूही देणार नाही. आता पेले वाजवायची गरज नाही, आबा. बोटाला चिमटा लावायचा की रक्तातला प्राणवायू कळतो. रोज सकाळी चौघांचे आकडे मी स्वतः वहीत लिहिणार.”

“मी स्वतः लिहिणार.” बारक्या, मला तेव्हापासून नीट झोप नाही. दिवसासुद्धा खुर्चीत डोळा लागला की दिसतं, ती वही मांडीवर घेऊन बसलीय, समोर कुणाचं तरी बोट, आणि पलीकडे ऊन पडलेला डोंगर. एकाच दिवसाची वाट उरलेली. ती आकडा बघते. मग डोंगराकडे बघते.

परवा मी धीर करून म्हटलं, “तो दिवस परत घाल.”

“आबा! तुम्हाला भीती वाटायला लागली? तुम्हाला?”

“हो.”

“गाडी ठरली, मुक्काम ठरले. आता बदलायचं तर तिघांना पटवावं लागेल. कारण सांगा ना. पटलं तर बदलते.”

मी हवामान म्हणालो. वय म्हणालो. ती म्हणाली, “कुणाचं वय?” आणि माझ्या डोक्यावर टपली मारून मोज्यांच्या ढिगाकडे गेली.

कारण आहे. पण ते तिला सांगण्याआधी तुला सांगायला हवं. आणि तुला सांगायला अडतीस वर्षं पुरली नाहीत, ते आता अकरा दिवसांत कसं व्हावं?

तू ये, असं म्हणणार नाही. पण दोन ओळी.

दादा

---

ता. १४, शनिवार, सकाळ

बारक्या,

आशीर्वाद आज लिहीत नाही. ते द्यायचा अधिकार या पत्रानंतर उरला तर बघू.

ठिणगी आतल्या खोलीत सॅक भरून वजन करतेय. भरते, उचलते, पुन्हा उपसते. बूट घालून घरभर चालते, ते सैल व्हावेत म्हणून. प्रत्येक पाऊल मी मोजतो. सहा दिवस राहिलेत. मी टेबलावरचा नकाशा बाजूला सारून एवढीशी जागा केलीय आणि लिहितोय.

चौथा मुक्काम. आपण सहाजण आणि वाटाड्या. त्याला एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसराही तसा बेताचाच, म्हणून ठोके मोजायचं काम माझ्याकडे. नियम त्याचा होता. सकाळी उठल्यावर बोलायचं नाही, कारण बोलताना माणूस ‘ठीक आहे’ म्हणतोच. फक्त पेला वाजवायचा. दोन ठोके म्हणजे बरं आहे, एक म्हणजे डोकं दुखतंय. एकाचा जरी एक आला, तरी सगळ्यांनी त्या दिवशी तिथेच थांबायचं.

दोन दिवस वादळात आधीच गेले होते. परतीची गाडी ठरलेली. त्या सकाळी मी तंबूबाहेर आलो आणि समोर तो होता. शाळेत डोंगराची एक कविता होती बघ, गुरुजी छडीच्या तालावर म्हणून घ्यायचे. तिच्यात डोंगर म्हणजे ध्यान लावून बसलेला कुणी साधू होता. मी लहानपणापासून तो साधू बघायला निघालो होतो आणि तो तिथे होता, गुलाबी, एका दिवसाच्या वाटेवर. त्या कवितेच्या एकाही कडव्यात कुणाचं डोकं दुखत नव्हतं.

पहिला तंबू, दोन आणि दोन. दुसरा, दोन आणि दोन. मग तुझा.

टण्.

मी थांबलो. वारा नव्हता. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी खूप वेळ थांबलो, बारक्या. मनात म्हणत होतो, दे, आणखी एक दे. तू दिला नाहीस. तू नियम पाळलास. सगळ्यांत लहान होतास आणि सगळ्यांत सरळ.

वाटाड्याने चुलीजवळून मान वर केली आणि दोन बोटं दाखवून भुवया उंचावल्या. सगळे दोन?

मी दोन बोटं वर केली.

तू तंबूतून बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा राखेसारखा होता. तू म्हणालास, “दादा, थांबायचं ना आज?” मी म्हणालो, “वाटाड्या म्हणतो, चालताना उतरेल.” वाटाड्या असं काही म्हणाला नव्हता. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकलास. त्या तुला बांधता येईनात. मी बांधून दिल्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तुला नाही, कारण तुझ्या डोक्यातून ती सकाळ पुसली गेली. दवाखान्यात तू विचारलंस, “मी सांगितलं का नाही रे?” तेव्हा तुझ्या डाव्या हातातून पाण्याचा ग्लास दोनदा निसटला होता. मी त्या हाताकडे बघत म्हणालो, “तू दोन वाजवलेस.”

तुझा घड्याळदुरुस्तीचा धंदा गेला. केसाएवढ्या कमानी उचलणारी बोटं वाचनालयाच्या टेबलावर परतीच्या तारखांचे शिक्के मारायला लागली. आणि मी दुसऱ्यांच्या चुका शोधून दुरुस्त करायची नोकरी तीस वर्षं केली. एक खिळा उलटा लागला तर अख्खं पान मी परत छापायला लावायचो. लोक म्हणायचे, याच्यासारखा काटेकोर माणूस नाही.

आता तुला कळलं असेल की मी कशाला भ्यालोय. ठिणगी डोकेदुखी लपवेल याची भीती मला नाहीच. ती लपवणारी नाही. ती माझी नात आहे, बारक्या. ती समोर डोंगर असताना दुसऱ्याचा आकडा वाचणार आहे. तिला वाटतं धोका तुझ्यासारख्या माणसाचा असतो. धोका माझ्यासारख्याचा असतो आणि त्याची गोष्ट तिला कुणी सांगितलेलीच नाही. ती मला शूर समजते. मी म्हटलं ‘चालेल’, म्हणून ती चालली.

आज दुपारी जेवताना तिला सांगायचं ठरवलंय. हे पत्र आधी पेटीत टाकायचं आणि मग सांगायचं. म्हणजे मागे फिरता येणार नाही. पण खरं सांगू? तिच्या चेहऱ्यावरचं ते ‘माझे आबा’ पुसलं जाताना बघायचं या विचाराने मी दोनदा पेन खाली ठेवून नकाशा पुन्हा पसरला. आणि तू हे वाचशील तेव्हा समोर कुणी असेल का, तू बसलेला असशील ना, हेही

फाटक वाजलं.

पोस्टमन असावा. नाही, तो तर एवढ्यात येऊन ‘नाही’ करून गेला.

खिडकीतून बघतोय. डाव्या खांद्यावरून कोट घसरतोय, उजव्या हातात काठी. फाटकाची कडी लावायला धडपडतोय आणि लागत नाही तरी सोडत नाही. बारक्या. तू. अकरा वर्षांनी, असा पायऱ्यांशी. कोटाच्या खिशातून माझी दोन्ही पाकिटं डोकावताहेत.

आतून ठिणगी ओरडली, “आबा, कुणीतरी आलंय! मी बघू?” मी म्हटलं, “थांब. मी उघडतो. तू बाहेर ये आणि इथे बस. तुलाही ऐकायचंय.”

हे पत्र आता पेटीत पडणार नाही. तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत समोर उभा राहीन. दोघांच्या समोर.

तू दारावर काठी आपटलीस. एकदा.

मी थांबलोय. दुसरा ठोका येत नाही.

एकच ऐकला. आज एकच लिहितो.

तुझा गुन्हेगार,
दादा