सातही नावांचा करार

शुक्रवार, सोहार (ओमान)

जमलं! मुंबईच्या चित्रपटवाल्यांना आमचं गाणं हवं होतं, पण करार माझ्या एकट्याच्या नावावर, कारण आवाज माझा. खोटं कशाला लिहू, एक दिवस मोह झालाच. पण चाल रत्नागिरीच्या दिलावरभाईंची, शब्द आमच्या वेल्डर सदाचे. गाणं इथल्या आमच्या गायन मंडळातल्या सातही जणांचं. मी कळवलं, "सातही नावं नसतील तर गाणं मिळणार नाही." पंधरा दिवस उत्तर नाही. माझ्या हट्टापायी सगळ्यांचं गेलं की काय?

आज नवा करार आला. सातही नावं! दिलावरभाई म्हणाले, "माझं परत वाच रे." परत वाचलं. त्यांनी चष्मा पुसला. "यल्ला, चल, पेन दे."

पहिली सही त्यांची घेतली. माझी शेवटची.