त्या खुर्चीतून न उठलेला माणूस

प्रिय पोथी,

हे नाव वाचून तुझ्या भुवया चढतील, ठाऊक आहे. अकरा वर्षांत एक ओळ नाही आणि आता ही बया थेट जुन्या नावाने हाक मारते! पण नीट नावानिशी सुरुवात करून पाहिली, तर सरकारी नोटिशीसारखं वाटायला लागलं. शिकत असताना मॅडमनी आपल्याला ठेवलेली नावं मला तरी अजून तंतोतंत लागू पडतात. तू पोथी, कारण गेस्टाल्ट उपचारपद्धतीतला प्रत्येक 'का' कळल्याशिवाय तू पुढे सरकत नसायचीस. मी पोतडी, कारण माझ्याकडे दर प्रसंगाला एक युक्ती तयार. उशी बडवा, आवाज चढवा, मनातला माणूस समोर बसलाय असं समजून रिकाम्या खुर्चीशी बोला. तुझ्याकडे आलेला पहिला माणूस तीन बैठका नुसता बसून होता, तेव्हा मी तुला काय छळलं होतं! म्हटलं, त्याला चहा तरी पाज, काहीतरी घडेल. तू चिडली नाहीस. "अगं, खुर्ची म्हणजे काही औषधाची गोळी नाही. आपण त्याच्यासमोर खरोखर असलो, तर त्यातूनच कधी खुर्ची लागेल, कधी लागणारही नाही," एवढंच म्हणालीस. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळवले. त्यापलीकडे त्याचा काही उपयोग केला नाही.

माझं बरं चाललंय हे तुझ्या कानावर आलंच असेल. लेक माझ्यापेक्षा उंच झाली, दिवसभर उभं राहून गुडघे कुरकुरायला लागलेत. दोन दिवसांची शिबिरं घेते. मोठा हॉल, भिंतीलगत छत्तीस खुर्च्या आणि मध्ये दोन. लोक रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, जाताना माझे हात हातात घेऊन सोडत नाहीत. हे आवडतं मला. लपवत नाही.

तीन महिन्यांपूर्वी अशाच एका शिबिरात एक बसड्रायव्हर आला. पन्नाशीचा, शर्टाला कडक इस्त्री. त्याच्या बसखाली एक सायकलवाला गेला होता. चौकशीत याची चूक नाही असं ठरलं, कामावरही परत घेतलं. मी विचारलं, काय हवंय? तर म्हणाला, "मॅडम, स्टॉप जवळ आला की छातीत धडधडतं, तेवढं कमी करा." एवढंच मागितलं होतं गं त्याने. बोलताना त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, ब्रेक मारल्यासारखा, पुन्हा पुन्हा. मला दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. तू असतीस तर तिथेच थांबली असतीस. पाय काय करतोय, असं विचारलं असतंस आणि सगळी सकाळ त्या पायापाशी काढली असतीस. आपण दोन वर्षं घोकलेला सिद्धांत याहून वेगळा काय होता? जे आत्ता समोर आहे त्याच्यापाशी राहायचं. माणसाला ढकलायचं नाही. तो आहे तिथे नीट उभा राहिला की बदल आपसूक होतो. पण भिंतीलगत बसलेल्यांना त्या पायात काय दिसणार? मी रिकामी खुर्ची पुढे ओढली.

तो त्या सायकलवाल्याशी बोलला. माफी मागितली. तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, आणि मला ती चढते. म्हटलं, आता त्या खुर्चीत तुम्ही बसा, तो व्हा आणि उत्तर द्या. "बसायलाच पाहिजे का?" त्याने विचारलं. मी मान डोलावली. तो बसला आणि अगदी हळू म्हणाला, "मी मेलो, आणि तू घरी जाऊन जेवलास." लोक हुंदके देत होते. जेवणाची सुट्टी व्हायची होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांना दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि सुट्टी देऊन टाकली. त्याला त्याच्या स्वतःच्या खुर्चीत परत आणायचं राहिलं. घाईत विसरले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे पुढे काय करायचं ते मला माहीतच नव्हतं. सगळ्या युक्त्या येत होत्या, त्या कशासाठी आहेत तेवढं येत नव्हतं.

परवा त्याची बायको आली. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "नोकरी सोडली त्यांनी. आमच्याबरोबर जेवायला बसत नाहीत. मुलं हसली की उठून जातात. तुम्ही त्यांना त्या माणसाच्या जागी बसवलंत, आता आमच्या माणसाला परत कोण आणणार?" तो माझ्याकडे येणार नाही, येऊही नये. मी तिला तुझा पत्ता दिला. बुधवारी सकाळी दोघं तुझ्याकडे येतील.

एवढंच सांगायचं असतं तर फोन केला असता. अकरा वर्षांपूर्वी आपण शिकलो त्याच संस्थेत शिकवायच्या जागेसाठी तू अर्ज केला होतास. सगळं ठरल्यात जमा होतं आणि अचानक नकार आला. तुला वाटलं, जागाच रद्द झाली. तशी झाली नव्हती. समितीने माझं मत मागवलं होतं आणि मी लिहून दिलं, 'वाचन दांडगं आहे, पण माणूस समोर बसला की हिचा हात चालत नाही.' मग काही महिने जाऊ देऊन त्या जागेवर मीच गेले. त्यानंतरची तुझी तिन्ही पत्रं माझ्याकडे आहेत. उत्तर द्यायला तोंड नव्हतं. आज हे सांगतेय, कारण त्याच्याबरोबर बसलेली असताना तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. काय राग काढायचा तो बुधवारच्या आत काढ, माझ्यावर काढ. तू काय म्हणशील ते मी तुझ्या आवाजात कितीदा तरी म्हणून पाहिलंय. ते इथे लिहीत नाही, ते तुझं तू म्हण. फक्त त्याला आत घे.

म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझीच,
पोतडी