भिंतीकडची कूस

आत्ती, आज शेजारच्या काकूंकडं गेले होते. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेत. चादरीची सुरकुती ताणून काढली, पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवल्या. "कुठं शिकलीस गं?" काकूंनी विचारलं. "सासूबाईंच्या आजारपणात," म्हटलं, आणि तेव्हापासून तुम्ही मनातून हलत नाही.

कोल्हापूरच्या दवाखान्यातली ती कोपऱ्यातली खाट. लकव्यानं तुमची डावी बाजू गेलेली. हे हुपरीला चांदीच्या कामावर, संध्याकाळच्या एसटीनं यायचे. दिवसभर आपण दोघीच, घरी कामापुरतंच बोलणाऱ्या. एका सकाळी तुमच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. सिस्टरनी बोटानं दाबून पाहिला, तो फिका पडेना. "इथंच जखम होते आणि मग हाडापर्यंत जाते. पाठीवर ठेवू नका, सारखी कूस बदला. ओढायचं नाही, उचलायचं. डाग चोळायचा नाही." तुमचं मात्र एकच, "खोबरेल चोळ की जरा!"

उजव्या कुशीवर तुम्ही राहीनातच. तिकडं भिंत. "भिंतीकडं बघत मरू व्हय?" म्हणून ओरडता, सगळा वॉर्ड वळून बघतो. मला रडू येतं, पण तो डाग डोळ्यांसमोरून जात नाही. शेवटी मी खाट पुढं ओढली, भिंत आणि खाटेमधल्या फटीत स्टूल घातलं आणि तिथं बसले. तुम्ही माझा चेहरा न्याहाळलात. मग म्हणालात, "वाळलीस की गं." त्यानंतर त्या कुशीवर असलात की तुम्ही बोलायचात; कागलचं माहेर, लहानपणीची म्हैस, काय काय.

एकदा कपडे धुऊन यायला मला उशीर झाला. बघते तर तुम्ही अजून पाठीवरच. सिस्टर वैतागलेल्या, "हात लावू देत नाहीत." मी तुमच्यावर ओरडले, "डाग फुटला म्हणजे? एवढं कळत न्हाय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू न्हाईस, तर तिकडं वळून काय करू?"

डाग हळूहळू मावळला. जखम न होता तुम्ही घरी आलात, आणि पुढं छातीच्या दुखण्यानं गेलात तेव्हाही पाठ स्वच्छ होती. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी सिस्टरसमोर ओरडले खरी, पण मला राग आला नव्हता, आत्ती. फार बरं वाटलं होतं.