दहा मिलिमीटरची सोन्याची रिंग

३ मार्च, सोमवार
लेक २९ तारखेला येणार. दोन दिवस. आजपासून अबोला बंद. म्हणजे माझ्या बाजूने. तिच्या बाजूने होता की नव्हता ते माहीत नाही. आठ महिने बोलणंच नाही, तर कळणार कसं?

प्रकरण एवढंसं. गेल्या जुलैत तिने कानाच्या वरच्या कडेला, मऊ हाडातून, भोक पाडून घेतलं. मला न विचारता. जेवताना मी फक्त म्हणालो, कान आहे की चाळणी. ती भरल्या ताटावरून उठली. त्यानंतर चार वेळा घरी आली. चारही वेळा मी पेपर वाचत होतो.

ठराव : त्या भोकासाठी सोन्याची रिंग द्यायची. माफी वगैरे मागायची गरज नाही, रिंग काय ते बोलेल. पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलंय. वॉशर, सील, ओ-रिंग. रिंग निवडणं हातचा मळ आहे.

४ मार्च
सोनाराच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तार किती गेजची, आतला व्यास किती, जखम पूर्ण बरी झालीय का. मुलीलाच घेऊन या म्हणाल्या. म्हटलं, सरप्राइज आहे.

कळलेली माहिती : बावीस कॅरेट मऊ, वाकतं. कानाच्या हाडात चौदा बरं. मुलामा नको, चिघळतं. गेजचा आकडा वाढला की तार बारीक. हे शेवटचं मीच बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, माहितीये.

६ मार्च
बायको म्हणते, फोन करून विचारा. सरप्राइज म्हणजे काय हे या घरात कोणाला कळत नाही.

कपाटावरच्या फोटोत व्हर्नियर लावून लेकीचा कान मोजला. सगळा मिळून चार मिलिमीटर भरला. पद्धत बाद.

९ मार्च, रविवार
दुपारी बायको झोपली होती. तिच्या कानाला व्हर्नियर लावला. आठवर काटा आला आणि ती किंचाळत उठली. माप बाद. आता घरात दोन अबोले.

संध्याकाळी चहा आदळताना एकच वाक्य बोलली. एवढी मापं घेताय, पोरीच्या कानाकडे एकदा तरी नीट बघितलंय का? म्हटलं, बघून काय होतं? मोजावं लागतं.

११ मार्च
दाढी करताना सुचलं. लेकीचे कान माझ्यावर गेलेत, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय. आणि स्टोअरचा नियमच आहे, नमुना बसवून बघितल्याशिवाय माल घ्यायचा नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत जातो.

१२ मार्च
भोक पाडून घेतलं. डावा कान. कान टोचायच्या दुकानातल्या मुलीने दोनदा विचारलं, काका, नक्की तुमच्यासाठीच ना? अजिबात दुखलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते स्पिरिटच्या वासाने.

तिने सरळ दांडीचा बारीक खडा बसवला. म्हणाली, निदान सहा महिने याला हात लावायचा नाही, रिंग तर नाहीच, मिठाच्या पाण्याने धूत जा. सहा महिने! नवीन मुलांना काम लांबवायची सवयच असते.

१३ मार्च
कानटोपी घालून कारखान्यात. साहेबांनी विचारलं, एवढ्या उकाड्यात? म्हटलं, सर्दी. त्यांनी मला अर्धा दिवस सुट्टी दिली. घेतली. हल्ली तसाही फार थकतो.

१७ मार्च
रिंग घेतली. चौदा कॅरेट, सोळा गेज, माझ्या कानाच्या मापाने आतून दहा मिलिमीटर, बारीक बिजागरीची. टिचकीसरशी बंद होते. बाई माझ्या कानाकडे बघून म्हणाल्या, एवढ्यात घालू नका हो. बिल घेऊन निघालो.

२० मार्च
खडा काढला, रिंग बसवली. फिट उत्तम. कडेला दीड मिलिमीटर मोकळीक. माल पास. बायको तोंडाला पदर लावून आत गेली. हसली असावी.

२० मार्च, सायंकाळ
ठणकतंय. पहिल्या दिवशी ठणकायचंच.

२३ मार्च
ताप. कान सुजून वर आलाय. रिंग सापडत नाही. म्हणजे आहे कानातच, पण बिजागरी मांसात बुडालीय.

२४ मार्च
डॉक्टरांनी काढली. किती ओरडलो ते लिहीत नाही. त्यांनी वय विचारलं. छप्पन म्हटल्यावर पेन खाली ठेवून थोडा वेळ बघत राहिले. इंजेक्शनं, गोळ्या, पट्टी.

रिंग उकळून, पुसून डबीत ठेवली. बसवून बघितलेला माल नवा म्हणून देता येतो का? स्टोअरच्या नियमाने नाही. पण बापाला चालत असावं.

२८ मार्च
उद्याचं वाक्य पाठ केलं. ‘तुझ्या कानाला शोभेल.’ आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज बसला. गोळ्यांमुळे असेल.

२९ मार्च, शनिवार
अकराला आली. माझी पट्टी बघून दारातच थांबली. वाक्य विसरलो. डबी पुढे केली.

तिने उघडली. मग केस मागे घेतले आणि कान माझ्यापुढे केला. कोरा. कडेला फक्त एक बारीक ठिपका.

म्हणाली, बाबा, कानातलं मी जुलैतच काढून टाकलं. तुम्ही बोलायचं बंद केलंत, त्याच आठवड्यात. भोक कधीच बुजलं. नंतर चारही वेळा मुद्दाम केस वर बांधून आले होते. आईला बजावून ठेवलं होतं, तू सांगू नकोस, बाबांना दिसू दे.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी म्हटलं, सोनं चौदा कॅरेटचं आहे.

३० मार्च, रविवार
सकाळी तिने माझी पट्टी सोडली. कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून कान धुतला. मान हलवू नका म्हणाली. रिंग ठेवून जाते, म्हणाली, आता पुन्हा भोक पाडायची हौस नाही उरली. रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

ती वाकली होती, त्यामुळे तिचा कान माझ्या अगदी समोर होता. पहिल्यांदाच नीट बघितला. माझ्यावर नाही गेलेला. हुबेहूब आईचा आहे.

दहाची रिंग तिला मोठीच झाली असती. आठची लागली असती.