साजेशी पादत्राणे

८ सप्टेंबर, सोमवार

नोटीस लागली. पुढच्या आठवड्यात 'शलाका'ची निवड.

शलाका म्हणजे आमच्या कॉलेजमधला मुलींचा ग्रुप. गॅदरिंग, सहल, पाहुण्यांना फुलं देणं, सगळं त्याच करतात. मेसमध्ये बसतातही एकत्र, खिडकीजवळच्या लांब टेबलावर. फर्स्ट इयरच्या सोळाच मुली घेतात. तीन संध्याकाळी जायचं. मंगळवारी ओळख, गुरुवारी पारंपरिक, शनिवारी फॉर्मल. खाली एक ओळ : पादत्राणे पोशाखास साजेशी असावीत.

माझी निवड जवळजवळ नक्की धरायला हरकत नाही. साताऱ्यात येऊन सात आठवडे झाले आणि अजून माझं कोणाशीही भांडण झालेलं नाही. बोलणंही फारसं झालेलं नाही, पण तो भाग वेगळा.

अडचण एकच. पाय. तळवे सपाट, टाचा आत वळतात. मिरजेच्या डॉक्टरांनी मापाचे इनसोल करून दिलेत. जाड, निळे. ते फक्त माझ्या काळ्या स्पोर्ट्स शूजमध्ये मावतात. त्यांच्याशिवाय चाललं की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ठणका. आणि साताऱ्यात कुठंही जायचं म्हणजे एक तर चढ, नाहीतर उतार.

संकल्प : निवडीच्या आत इनसोल मावेल अशी सुंदर सँडल मिळवणे. सोपं आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोती चौकापर्यंत जाऊन आले. चार दुकानं. सँडलमध्ये इनसोल ठेवला की तो दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. बेलीमध्ये इनसोल जातो, मग पाय जात नाही.

शेवटच्या दुकानातल्या काकांनी, त्यांना सगळे लालासाहेब म्हणत होते, पंधरा जोड काढले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, पोरी, तू चप्पल घ्यायला आलीयास का ह्या निळ्या गाद्यांना खोली बघायला?

मी हसले. मनापासून बोलणारी माणसं मला आवडतात. परत येताना कळलं की ह्या आठवड्यातलं माझं सगळ्यात लांब बोलणं त्यांच्याशीच झालं.

१० सप्टेंबर, बुधवार

रूममेट अंकिताला सहज विचारलं, शलाकाला तू काय घालणार? तिच्याकडे सोनेरी हिल्स आहेत आणि शिवाय मोजड्या. अंकिता कोरेगावची. तिचे वडील मिलिटरीत सुभेदार होते. माझे इनसोल उचलून बघत म्हणाली, अगं, सपाट पाय असले तर भरतीत पहिल्याच दिवशी घरी पाठवतात.

म्हटलं, मला कुठं मिलिटरीत जायचंय. ती म्हणाली, तसं नाही गं. आणि तिच्या वर्गातल्या मुलींनी हाक मारली म्हणून गेली.

अंकिता चांगली आहे. फक्त खोलीत नसते.

११ सप्टेंबर, गुरुवार

आईचा फोन. आधी जेवलीस का, मग मैत्रिणी झाल्या का. झाल्या म्हटलं. किती गं? दहा-बारा म्हटलं. आकडा तोंडातून निघून गेला. आईला इतका आनंद झाला की तो कमी करता येईना.

मग चपलांचं सांगितलं. आई म्हणाली, चामड्याचं घिऊ नगंस बरं का ब्राह्मी, आपल्या जैनांत चालत न्हाई. आणि म्हणाली, सांगलीत आप्पासो हायत. पायानं अधू असलेल्यांचे बूट करत्यात. शनिवारी ये.

मी अधू नाही हे आईला नीट समजावलं. शनिवारी जाते.

१३ सप्टेंबर, शनिवार. सांगली

आप्पासोंचं दुकान म्हणजे एका बोळातली लहानशी खोली. भिंतीला पावलांची लाकडी मापं टांगलेली. त्यांनी मला कागदावर उभं केलं, पेन्सिल फिरवली आणि बराच वेळ त्या आकृतीकडे बघत बसले. त्यांना फोटो दाखवला. नाजूक पट्टे, उंच टाच.

म्हणाले, ह्यातलं मी काय बी करू शकत न्हाई.

मग म्हणाले, पण तळ खोल करतो, वरनं मरून रंगाचं रेक्झिन घालतो, बाजूला बक्कल. तुजं निळं आत बसंल, कुणाला दिसायचं न्हाई. ह्यात चालशील. रुबाबात चालशील.

मंगळवारपर्यंत म्हटलं. ते म्हणाले, शुक्रवार. त्याच्या आधी देव जरी आला तरी शुक्रवार.

हरकत नाही. पहिल्या दोन संध्याकाळी व्यक्तिमत्त्वावर काढू.

१४ सप्टेंबर, रविवार

कुंडलहून, घरून परत. खोलीला कुलूप. अंकिता वर्गातल्या सात जणींबरोबर कासला फुलं बघायला गेलेली. तिच्या स्टेटसला सगळ्यांचे फोटो. मला विचारलं असतं तरी गेले नसते, तिथं फार चालावं लागतं. फोटो चांगले आलेत. तीनदा बघितले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिली संध्याकाळ. अपेक्षेपेक्षा उत्तम.

कुर्ता निळा, ओढणी पांढरी, खाली काळे स्पोर्ट्स शूज. शलाकाची प्रमुख शर्वाणीदीदी. तिने नाव विचारलं, खाली बघितलं आणि म्हणाली, अरे वा, स्पोर्ट्सला आहेस?

इथं दोन रस्ते होते. इनसोल काढून सगळ्यांसमोर मिरजेच्या डॉक्टरांची गोष्ट सांगायची, किंवा हो म्हणायचं. हो म्हटलं. काय खेळतेस? धावते म्हटलं. तिने फॉर्मवर लिहून घेतलं.

बाकीच्या मुलींना तिने गाव विचारलं, छंद विचारला. मला एकटीलाच खेळ विचारला. म्हणजे मी लक्षात राहणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपार

पारंपरिक. आईची जांभळी नारायणपेठ. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून बघितले. चालताना पुढचं टोक बाहेर येतं, कोणीतरी पडद्यामागे लपल्यासारखं.

अंकिता मोजड्या घालून आधीच गेली. सोनेरी हिल्स कॉटखाली तशाच. फोन करून विचारणार होते, पण ती कामात असेल. एका संध्याकाळीने पायांना काय होतंय.

१८ सप्टेंबर. रात्री आठ

झालं ते असं. हॉस्टेलपासून हॉलपर्यंत चढ. पाण्याच्या टाकीजवळ डावा घोटा आत वळला. मी पडले नाही, हे मुद्दाम नोंदवते. पण हिलचा पट्टा तुटला. हिल्स पिशवीत घातल्या आणि अनवाणी हॉलमध्ये गेले.

शर्वाणीदीदीने परत खाली बघितलं. हळूच विचारलं, व्रत आहे का? तुमच्यात चातुर्मासात असतं ना काहीतरी?

हो म्हटलं. ती म्हणाली, किती गं मनाची तयारी लागत असेल. आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला सांगितली. सगळ्या जणी उभ्या राहून गप्पा मारत होत्या, मी एकटी खुर्चीत. तिथून सगळ्यांचे कोपर दिसत होते.

धावपटू आणि वर व्रतस्थ. अशी दुसरी मुलगी त्यांना मिळणं अवघड आहे.

हिल्स कॉटखाली ठेवल्यात, पट्टा आतल्या बाजूला वळवून. शनिवारनंतर अंकिताला सांगेन. घोटा सुजलाय.

२० सप्टेंबर, शनिवार. सकाळ

बाबा बूट घेऊन आले. पार्सलनं पाठवा म्हटलं होतं, तरी एसटीने, खोका मांडीवर घेऊन. शिवाय एक डबा. आईने शेंगदाण्याचे लाडू दिलेत. बारा. मोजून, प्रत्येक मैत्रिणीला एक.

बाबा म्हणाले, पोरींना बघून जातो. म्हटलं, त्यांचं प्रॅक्टिकल आहे. थांबतो की. म्हटलं, लांबलचक प्रॅक्टिकल आहे.

मग मी कपडे बदलायला वर गेले. खाली आले तर बाबा मेसच्या दाराशी, स्वयंपाक करणाऱ्या हरणाबाईंशी बोलत उभे. हरणाबाई म्हणत होत्या, लय गुणाची हाय वो तुमची लेक. येती, भिताडाकडं तोंड करून बसती, जेवती, ताट उचलती. कवा कुनाशी अवाज न्हाई.

मला वाटतं हे कौतुक होतं. बाबा 'व्हय, व्हय' म्हणाले.

स्टँडवर सोडायला गेले. नवे बूट पायात. बाबांनी चाल बघितली, ठीक हाय म्हणाले. गाडी लागली. चढता चढता परत खाली उतरले आणि म्हणाले, लाडू एकदम संपवू नगंस. रोज एक. पुरवून खा.

शेंगदाणे जास्त खाल्ले की पित्त होतं, ह्याची बाबांना फार काळजी.

२० सप्टेंबर. सायंकाळी साडेसात

फॉर्मल. काळी पँट, पांढरा शर्ट, मरून बूट. आप्पासोंनी बक्कल चकचकीत बसवलंय. घोटा सुजलेला असूनही दुखत नव्हता. मी पँट किंचित वर घेऊन उभी राहिले, म्हणजे दिसावेत.

कोणी खाली बघितलंच नाही. सगळ्या जणी एकमेकींशी बोलत होत्या आणि माणूस बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शर्वाणीदीदी एकदा जवळून गेली. म्हणाली, अरे, आपली रनर! आणि पुढं गेली. नाव आठवलं नसेल. इतक्या मुलींत कसं आठवणार.

दीड तास भिंतीजवळ उभी होते. पाय अजिबात दुखले नाहीत. एवढा वेळ उभं राहता येतं हे मला नव्यानेच कळलं.

२१ सप्टेंबर, रविवार

यादी लागली. सोळा नावं. अंकिताचं तिसरं. माझं टायपिंगमध्ये राहिलंय.

दुपारी शर्वाणीदीदीला भेटून तसं सांगितलं. ती फार चांगली वागली. बाकावर शेजारी बसवून घेतलं. म्हणाली, अगं, तुझं नाव आम्ही आधी घेतलं होतं. मग विचार केला, तुझं ग्राउंड, तुझी व्रतं. आम्ही रोज पाच ते सात भेटतो. तुला वेळ कुठून मिळणार? तुझ्यावर लोड नको. ज्यांना काहीच नसतं ना संध्याकाळी, अशा मुली लागतात आम्हाला.

मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

ती म्हणाली, रागावली नाहीस ना? म्हटलं, नाही, मला प्रॅक्टिसलाच जायचंय. आणि उठले. ती बघत होती म्हणून ग्राउंडच्या दिशेने गेले. तिथं पोलीस भरतीची मुलं पळत होती. पाऊण तास बाजूला बसून परत आले.

२१ सप्टेंबर. थोड्या वेळाने

अंकिताला हिल्सचं सांगितलं. तिने पट्टा बघितला. म्हणाली, हे शिवून होतंय. विचारून घ्यायचंस ना, मी मोजड्याच घालणार होते. मग माझा घोटा बघितला आणि म्हणाली, ह्या पायाने तू वर चढलीस? कशाला?

तिला लाडू दिला. मस्त आहे म्हणाली. आणखी एक घेतला.

आपल्याला बोलता येतं की, असं वाटलं. संकल्प : उद्या तिला मेसमध्ये माझ्याबरोबर बसायला सांगणे. भिंतीचं टेबल नाही, मधलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

मी सांगायच्या आधी तीच म्हणाली, ब्राह्मी, एक सांगायचंय. शलाकाच्या मुलींना दुसऱ्या मजल्यावर एकत्र खोल्या देतात. ती आज संध्याकाळी शिफ्ट होणार. म्हणाली, तुला बरंच आहे, माझी कटकट गेली. मी सकाळी अलार्म तीनदा लावते.

म्हटलं, हो, बरंच आहे.

तिची बादली आणि गादी मी वर नेऊन दिली. नव्या बुटांनी जिने सहज चढता येतात. वर सगळ्या जणींनी गाणी लावली होती. अंकिता म्हणाली, बस की थोडा वेळ. काम आहे म्हटलं. काम म्हणजे खाली येऊन खोली झाडली. तिच्या कॉटखाली एक क्लिप आणि कोरेगावच्या एसटीची तीन तिकिटं सापडली. क्लिप ठेवून दिली. मागायला येईल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी अलार्म नाही. तरी पावणेसहाला जाग आली. मग सव्वासहाला. मग साडेसहाला.

संध्याकाळी रेक्टर मॅडम रजिस्टर घेऊन आल्या. रिकामी कॉट बघितली, काहीतरी लिहिलं. विचारलं, दुसरी मुलगी मिळेपर्यंत एकटी राहशील ना? की भीती वाटते?

म्हटलं, नाही मॅडम, मला शांतता आवडते. अभ्यास होतो. घाई नाही.

शहाणी आहेस, म्हणाल्या आणि गेल्या.

मी वही उघडली. तारीख घातली. एक ओळ लिहिली, खोडली. मग दार उघडून जिन्यापर्यंत गेले आणि कठड्यावरून वाकून म्हटलं, मॅडम, लवकर पाठवा कोणालातरी. कोणीही चालेल.

त्या खालच्या मजल्यावर कोणाशी तरी मोठ्याने बोलत होत्या. ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

परत एकदा म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात खालचं दार लागल्याचा आवाज आला.

उद्या ऑफिसात जाऊन सांगेन.

जाईन.